पेटी किती डझनाची?

देवगडात आमच्या घरी एप्रिल-मे महिन्यात आंब्याचे सगळे व्यवहार फोनवर होतात. एकदा काका पेंढा घालत बसले होते म्हणून फोन मी घेतला. समोरच्याने पेटीचा भाव सांगितला, मी ‘चालेल’ म्हणून मोकळा झालो. काकांनी मान वर न करता विचारलं, ‘‘पेटी किती डझनाची ता इचारलंस काय?’’ चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची, सगळ्यांना आपण पेटीच म्हणतो. मी विचारलं नव्हतं.

आज माझं पोट ज्या कामावर चालतं त्यातही निम्मा घोळ याच प्रश्नाचा असतो. एआय एजंटला, म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणाऱ्या प्रोग्रामला, स्वतः पैसे चुकते करता यावेत म्हणून जी टूल्स निघाली आहेत, त्यातल्या एकाचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची पानं, मी लिहितो. या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी यंत्रणा समजून घ्या. वेबच्या नियमांत 402 हा कोड 1997 पासून ‘पैसे भरा’ या अर्थाने राखून ठेवलेला होता, पण तो फारसा कुणी वापरलाच नाही. 2025च्या मे महिन्यात कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने त्यावर एक्स-402 हा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत, आणला. एजंट माहिती मागतो. सर्व्हर 402 देऊन रक्कम, कोणतं क्रिप्टो नाणं आणि कोणत्या पत्त्यावर ते कळवतो. एजंट आपल्या क्रिप्टो वॉलेटच्या गुप्त किल्लीने (की) एक परवानगी सही करतो आणि तीच मागणी सहीसकट परत पाठवतो. फॅसिलिटेटर नावाची मधली सेवा सही तपासून व्यवहार साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, टाकते. नाणं बहुधा यूएसडीसी, म्हणजे एका डॉलरला एक या भावाला बांधलेलं. गॅस, म्हणजे साखळीवर व्यवहार टाकायची फी, फॅसिलिटेटर भरतो, त्यामुळे ती फी ज्यात भरतात ते ईथर हे नाणं एजंटच्या वॉलेटमध्ये नसलं तरी चालतं. हे एक वाक्य आमच्या पानावर नव्हतं तोवर रोज कुणी ना कुणी तेच विचारायचं.

आता पेटीकडे येतो. यूएसडीसीला दशांशानंतर सहा घरं असतात, म्हणजे एक सेंट लिहायचा तर आकडा 10000. ईथरला अठरा घरं. आमच्या सुरुवातीच्या पानावर रक्कम डॉलरमध्ये होती आणि आतल्या संदर्भपानावर सूक्ष्म एककात, म्हणजे डॉलरच्या दहा लाखाव्या भागात. माणूस असता तर अडखळला असता, कुणाला तरी विचारलं असतं. एजंट विचारत नाही. पहिलं पान वाचून त्याने 1 लिहिलं आणि डॉलरचा दहा लाखावा भाग पाठवला. उलटं झालं असतं तर? एका सेंटाऐवजी दहा हजार डॉलर. तेव्हापासून मी रकमेचा आकडा एककाशिवाय कुठेच लिहीत नाही, कोष्टकातही नाही.

दुसरा धडा पावसाने दिला. जुलैत एका दुपारी बेस सेपोलियावर, म्हणजे बेस या साखळीच्या खोट्या पैशांच्या टेस्टनेटवर, चाचणी घेत होतो आणि वीज गेली. वीज गेली की मागोमाग नेटही जातं, हे इथे कुणाला सांगायला नको. मोबाइलचं नेट जोडून लॉग उघडला तर पैसे दोनदा गेलेले. झालं असं की पहिली परवानगी पोचली, व्यवहारही झाला, फक्त उत्तर परत आलं नाही. वेळेत उत्तर आलं नाही (टाइमआउट) म्हणजे ‘पैसे गेले नाहीत’ असं समजून एजंटने नवी सही केली. प्रत्येक परवानगीत एक नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, असतो आणि एक नॉन्स दोनदा चालत नाही. तीच परवानगी पुन्हा पाठवली असती तर दुसऱ्यांदा पैसे कापलेच गेले नसते. नवी सही म्हणजे नवा नॉन्स, म्हणजे नवं देणं.

गाइडमध्ये मी तेव्हा लिहिलं होतं, ‘एरर आल्यास पुन्हा प्रयत्न करा.’ चूक माझ्या वाक्याची होती. आता तिथे अर्धं पान आहे: उत्तर आलं नाही तर आधी नॉन्स वापरला गेलाय का ते नाण्याच्या स्मार्ट करारात (साखळीवरच्या प्रोग्राममध्ये) तपासा, नसेल तर जुनीच सही पाठवा, आणि परवानगीची मुदत टळल्याशिवाय नवी करू नका. त्या अर्ध्या पानाला तीन दिवस लागले. बाकी अख्खं गाइड आठवड्यात झालं होतं.

वॉलेटची खरी किल्ली उदाहरणात कधीही टाकू नका, ‘नंतर काढू’ म्हणूनसुद्धा नाही. एजंटच्या खर्चाची मर्यादा शेवटच्या पानावर ढकलू नका, पहिल्याच उदाहरणात असू द्या, कारण लोक पहिलं उदाहरण उचलतात आणि निघून जातात.

मानधन मी बँकेतच घेतो. क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे, वर 1 टक्का टीडीएसची भानगड, आणि आमच्याकडे हिशेब आधीच आंब्याचे पुरे असतात.

सुरुवात करायला पदवी लागत नाही. एखादं ओपन सोर्स टूल घ्या, फॉसेटमधून, म्हणजे चाचणीची नाणी वाटणाऱ्या साइटवरून, फुकटचं टेस्ट यूएसडीसी मिळवा आणि कोऱ्या मशीनवर त्यांचं गाइड ओळीबरहुकूम चालवा. जिथे अडाल ती ओळ दुरुस्त करून पाठवा. माझी पहिली दुरुस्ती एका ओळीची होती, रक्कम कोणत्या एककात ते सांगणारी. ती घेतली जायला नऊ दिवस लागले. काकांना दाखवली तर म्हणाले, ‘‘ह्या लिवूक पैशे देतत?’’ त्या ओळीचे मिळाले नव्हते. पुढच्या कामाचे मिळाले.