दुधाची वाटी आधी घासा, मग उकळा

एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध पाजलं, की भांडी लगेच धुवा. दूध वाळलं की बोंडल्याच्या चोचीत पांढरा थर धरतो, आणि त्याच्याआड जंतू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून आधी साबण आणि बारीक ब्रश, चोच आतून घासून वाहत्या पाण्याखाली धुवायची. हे सगळं वेगळ्या टबात करा, सिंकमध्ये नको. सिंकच्या जाळीपाशी स्यूडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जंतू हमखास मुक्काम ठोकून असतो.

मग उकळणं. भांडी पूर्ण बुडाली पाहिजेत, उपड्या वाटीत हवा अडकलेली नको. खळखळ उकळी फुटल्यावर घड्याळ लावा, निदान 10 मिनिटं. युनिटच्या नियमात जास्त असेल तर तेवढी. मध्येच कुणी आणखी एक चमचा टाकला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून!

पाणी ओतून स्वच्छ चिमट्याने काढा, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. फडक्याने पुसू नका, सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. स्टील हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या जंतुनाशक द्रावणात) भिजत ठेवलं तर खड्डे पडतात. नाकातली फीडिंग ट्यूब मात्र उकळून पुन्हा वापरायची नसते, ती फेकायचीच.