मॅक्रो, हायजिन आणि फ्रेशर्ससाठी थोडंसं अनुभवातून

महापे-रबाळे साइडला एम्बेडेड सीच्या जॉबसाठी इंटरव्ह्यू देणार असाल तर 'दोन व्हेरिएबल स्वॅप करणारा, म्हणजे त्यांची अदलाबदल करणारा मॅक्रो लिहा' या प्रश्नाची तयारी ठेवाच, मी हा प्रश्न झेललाय पण आणि आता टेबलाच्या पलीकडून विचारतो पण. मॅक्रो म्हणजे असं नाव, की ते लिहिलं तिथे कंपाइलच्या आधी ठरलेला कोड चिकटवला जातो. पोरं पटापट लिहितात, टेम्प नावाचा इंट, ए टेम्पमध्ये, बी एमध्ये, टेम्प बीमध्ये, महिरपी कंस बंद. मग मी विचारतो, समजा वापरणाऱ्याच्याच व्हेरिएबलचं नाव टेम्प असेल तर? इथे बरेच जण अडकतात.

कागदावर एक्सपान्ड करून, म्हणजे मॅक्रोच्या जागी त्याचा कोड मांडून बघा. स्वॅपला टेम्प आणि एक्स दिले की पहिली ओळ होते 'इंट टेम्प बरोबर टेम्प', म्हणजे आतला नवीन टेम्प स्वतःच्याच कचरा व्हॅल्यूने सुरू. मग त्यात एक्स येतो आणि तोच परत एक्समध्ये जातो. बाहेरचा टेम्प जागचा हलत नाही, एक्स होता तसाच, आणि कोड मात्र कंपाइल होतो. जीसीसी या सी कंपाइलरला शॅडोसारखी (आतल्या नावाने बाहेरचं झाकलं की सांगणारी) वॉर्निंग चालू करून दिली तरच तो बोंबलतो. एका सोसायटीत दोन पाटील असले की कुरियर भलत्याच दारात जातं ना, तसला प्रकार. मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला स्कोप, म्हणजे कुठलं नाव कुठपर्यंत चालतं, वगैरे काही कळत नाही, तो नुसते टोकन, म्हणजे कोडमधले शब्द बदलतो.

हायजेनिक मॅक्रोमध्ये एक्सपान्डर लक्षात ठेवतो की हे नाव मॅक्रो लिहिणाऱ्याचं आणि ते वापरणाऱ्याचं, त्यामुळे दोन्ही टेम्प वेगळेच राहतात. इंडियाना युनिव्हर्सिटीतल्या कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि डुबा यांचा यावरचा पेपर 1986 चा, आणि स्कीम या लिस्पच्या घराण्यातल्या भाषेच्या 1998 च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे आर-फाइव्ह-आरएसमध्ये, सिंटॅक्स-रूल्स, म्हणजे हायजेनिक मॅक्रो लिहायची सोय, मेन भाषेतच आलं. ते स्टँडर्ड जेमतेम पन्नासेक पानांचं आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरला बसायला जागा मिळत असेल तर येता-जाता वाचून होतं.

आता जी गोष्ट कोणी नीट सांगत नाही ती. नाव दोन बाजूंनी अडकतं. वर झालं ते मॅक्रोच्या नावाने वापरणाऱ्याचं नाव झाकणं. उलटं पण होतं, मॅक्रो आत लेव्हल नावाचा ग्लोबल वापरतोय आणि वापरणाऱ्याच्या फंक्शनमध्ये लेव्हल नावाचाच लोकल आहे, की मॅक्रो बिनबोभाट त्या लोकलला धरतो. कॉमन लिस्पवाले दरवेळी नवंकोरं नाव बनवणारं जेन्सिम वापरतात, पण त्याने पहिलीच बाजू सुटते. रस्ट भाषेत मॅक्रो लिहायची जी मॅक्रोरूल्स सोय आहे, तिच्यात लोकल व्हेरिएबल आणि लूपची लेबलं हायजेनिक आहेत, फंक्शन-स्ट्रक्टची नावं नाहीत, म्हणून तिथे नाव मॅक्रोच्याच क्रेटमधलं (पॅकेजमधलं) आहे हे सांगायला डॉलर-क्रेट लिहावं लागतं. 'रस्ट हायजेनिक आहे' असं ठोकून देणाऱ्याला हे विचारून बघा.

आणि हायजिन म्हणजे सगळ्यावर औषध नाही हो. ते फक्त नावांचं बघतं. स्क्वेअरच्या मॅक्रोत एक्स दोनदा लिहिलात आणि त्याला फंक्शन कॉल दिलात तर तो कॉल रस्टमध्ये पण दोनदाच होणार. कंस विसरल्यामुळे गुणाकार-बेरजेचा जो घोळ सीमध्ये होतो तो वेगळा, हा वेगळा. इंटरव्ह्यूत तिन्ही एकाच पिशवीत कोंबून सांगू नका.

मुद्दाम हायजिन मोडणारे पण आहेत. लिस्पमध्ये अॅनाफोरिक इफ असतो, कंडिशनची व्हॅल्यू 'इट' नावात आपोआप मिळते. मला व्यक्तिशः तो आवडत नाही, सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला इट कुठून आला तेच कळत नाही.

शिकायचं कसं म्हणाल तर थिअरी नंतर, आधी एक्सपान्ड झालेलं डोळ्यांनी बघा. जीसीसीला मायनस कॅपिटल ई, रस्टला कार्गो एक्सपान्ड, आणि रॅकेट भाषेच्या डॉक्टर रॅकेट या एडिटरमधला मॅक्रो स्टेपर तर एकेक पायरी दाखवतो, फुकट आहे, घ्याच. नोकरीत तुम्हाला बहुतेक सीच मिळणार, तिथे स्टॅटिक इनलाइन फंक्शनने भागत असेल तर मॅक्रो लिहूच नका.

आणि स्वॅपवर 'नाव बदलून अंडरस्कोर टेम्प करतो' हे उत्तर दिलंत तर मी पुढे विचारणार, दुसऱ्या एखाद्या मॅक्रोने स्वतःचा अंडरस्कोर टेम्पच या स्वॅपला दिला तर? लिनक्स कर्नलमधलं मिनमॅक्स हेडर उघडून बघा, तिथे काउंटर वापरून दरवेळी नवं नाव बनवतात.