ठाण्याच्या दमट हवेत वाळवलेला औषधी पाला कसा टिकवावा

खाडीकाठच्या ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणून तुळस, पुदिना, अडुळसा किंवा गवती चहा यांचा पाला वर्षभर टिकवायचा असेल, तर वाळवण पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्यावे.

पाला हवेशीर सावलीत पातळ पसरावा, कारण कडक उन्हात त्याचा रंग उतरतो आणि औषधी गुण असलेले सुगंधी तेल उडून जाते. पान चुरगळताच कुरकुरीत मोडले आणि देठ वाकण्याऐवजी कट्कन तुटला, तरच पाला बरणीत भरण्याजोगा झाला असे समजावे. देठाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण ओल सर्वांत जास्त काळ तिथेच दडून राहते.

घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी काचेची बरणी वापरावी आणि आत हवा कमी राहील अशी ती जवळजवळ काठोकाठ भरावी. पाने अख्खीच ठेवावीत. चुरा केल्यास वास फार लवकर जातो. पहिला आठवडाभर बरणी रोज पाहावी आणि काचेला आतून बाष्प धरलेले दिसले, तर पाला लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवावा. एरवी बरणी गॅसच्या शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवलीच, तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, अन्यथा थंड पाल्यावर हवेतील ओलावा जमतो.

कुबट वास किंवा पांढुरकी बुरशी आढळल्यास निवडत न बसता सगळी बरणी रिकामी करावी.