हिरोशिमावर वाद घालताय? या चुका टाळा

‘युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का?’ वादविवाद स्पर्धेत हा विषय मिळाला की मुलं आधी बाजू ठरवतात आणि मग तिला साजेसे आकडे शोधतात. मोठी माणसंही तेच करतात. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं गेली. एवढ्या मृत्यूंबद्दल बोलायचं तर निदान घटनाक्रम तरी पक्का हवा.

तीन प्रश्नांची खिचडी करू नका

बॉम्ब का टाकला, त्यामुळे युद्ध संपलं का, आणि तो टाकणं योग्य होतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बॉम्बमुळे जपान शरण आला हे सिद्ध झालं, तरी तेवढ्याने तो टाकणं योग्य ठरत नाही. आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय, ते पहिल्याच मिनिटात सांगून टाका.

‘बॉम्ब नाहीतर चढाई’ एवढेच दोन पर्याय मांडू नका

जपानच्या क्युशू बेटावरची अमेरिकेची चढाई १ नोव्हेंबरला ठरली होती. हातात जवळजवळ तीन महिने होते. सम्राटाचं घराणं राहू देण्याची हमी हा एक मार्ग होता. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी जपानला शरण यायला सांगणाऱ्या पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या मसुद्यात तसं सुचवलंही होतं, पण २६ जुलैच्या अंतिम मजकुरात ते आलं नाही.

बॉम्बच्या विरोधात बोलणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. नाकेबंदी लांबली असती तर जपानमध्ये उपासमार वाढली असती. व्यापलेल्या चीनमध्ये आणि आग्नेय आशियात रोज माणसं मरत होती. जपानी छावण्यांत भारतीय युद्धकैदीही होते. वाट पाहण्याचीही किंमत होती आणि ती बहुतांशी आशियाई माणसंच मोजत होती.

नंतर सांगितलेले आकडे तेव्हाचे म्हणून देऊ नका

चढाईत अमेरिकेची दहा लाखांची हानी झाली असती, हा आकडा स्टिम्सन यांच्या १९४७ च्या लेखातून रूढ झाला. त्यात मृत आणि जखमी दोन्ही धरलेले आहेत, त्यामुळे ‘दहा लाख जीव वाचले’ हे वाक्य चुकीचं. १८ जून १९४५ च्या व्हाइट हाउसमधल्या बैठकीत अमेरिकेचे सेनाप्रमुख जनरल मार्शल यांचा अंदाज होता की क्युशूवर पहिल्या ३० दिवसांतली हानी फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावरच्या लढाईपेक्षा जास्त होणार नाही. लुझॉनचा आकडा होता ३१,०००. मात्र नंतरच्या आठवड्यांत क्युशूवर जपानी फौज झपाट्याने वाढल्याचं अमेरिकेला कळत गेलं, हेही सांगा.

दुसऱ्या बाजूचा आवडता पुरावा म्हणजे १९४६ चा अमेरिकी बॉम्बहल्ला पाहणी अहवाल. बॉम्बशिवायही जपान वर्षअखेरीआधी शरण आलाच असता, असं तो सांगतो. पण ज्या जबान्यांवर तो उभा आहे, त्या सगळ्या त्या निष्कर्षाला बळ देत नाहीत, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे.

‘बॉम्ब पडला आणि जपान शरण आला’

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. ६ ऑगस्टला हिरोशिमा. ८ तारखेला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ९ च्या पहाटे त्याचं सैन्य जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसलं. त्याच सकाळी टोकियोत जपानच्या सहा जणांच्या युद्धमंडळाची बैठक बसली आणि ती चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरी मंडळ तीन विरुद्ध तीन असंच राहिलं. पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो आणि नौदलमंत्री योनाई यांना शरण येताना सम्राटाचं स्थान टिकावं एवढी एकच अट हवी होती. उरलेले तिघे चार अटींवर अडून होते. त्या रात्री सम्राटाने एका अटीच्या बाजूने कौल दिला. १४ तारखेला त्याला पुन्हा मध्ये पडावं लागलं, आणि त्या रात्री काही अधिकाऱ्यांनी बंडाचा प्रयत्नही केला.

१५ ऑगस्टच्या भाषणात सम्राटाने नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख केला, रशियाचा नाही. १७ ऑगस्टला सैनिकांना दिलेल्या फर्मानात रशिया आहे, बॉम्ब नाही. यातला एकच कागद दाखवणाऱ्याला दुसरा लगेच विचारा.

नागासाकी हिरोशिमाच्या मागे लपवू नका

हिरोशिमासाठी जी कारणं दिली जातात, ती नागासाकीला आपोआप लागू होत नाहीत. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा निर्णय झालाच नव्हता. पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकायचे, असं २५ जुलैच्या आदेशातच होतं. तारीख हवामान बघून ११ वरून ९ ऑगस्टवर आणली आणि ठरलेलं शहर होतं कोकुरा. ते नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. जपानला विचार करायला तीन दिवस मिळाले. माझ्या मते या बॉम्बचं समर्थन टिकत नाही.

१० ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या परवानगीशिवाय तिसरा बॉम्ब टाकायला मनाई केली. आणखी एक लाख माणसं, त्यांतली ती सगळी मुलं मारण्याची कल्पना त्यांना सहन होत नव्हती, असं त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांनी रोजनिशीत नोंदवलं आहे. बॉम्बच्या बाजूने उभं राहणार असाल, तर या नोंदीचं उत्तर तयार ठेवा.