सायबर सिक्युरिटीत एम.टेक., एम.एस्सी. करताना या चुका टाळा

गोव्यात या विषयाला प्रवेश घ्यायचा तर एका फॉर्मवर भागत नाही. कुंकळ्ळीच्या एनआयटीतल्या एम.टेक.च्या जागा गेट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर सीसीएमटी या केंद्रीय समुपदेशनातून भरतात. झुआरीनगरच्या बिट्सची स्वतःची परीक्षा आहे, फोंड्यातल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची एनएफएटी ही परीक्षा वेगळी. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती गेट पात्र एम.टेक.वाल्यांसाठी आहे, एम.एस्सी.ला ती मिळत नाही. घरचं गणित मांडताना हे आधी बघा.

ओबीसी विद्यार्थ्यांचं घोडं दाखल्यावर अडतं. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा. समुपदेशन सुरू झाल्यावर कचेरीत धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

आणि अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करण्याचं शास्त्र) हे तीन विषय सक्तीचे आहेत का ते पाहा. नुसती टूल्स शिकायची असतील तर प्रमाणपत्राचा एखादा कोर्स पुरतो, दोन वर्षं घालवायची गरज नाही.

लॅब: दोन मशिन्स, एकच पत्ता

पहिल्या सत्रात सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. एका संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये काली (हल्ल्याच्या सरावाची लिनक्स) आणि मेटास्प्लॉइटेबल २ (सरावाचं लक्ष्य) ही दोन मशिन्स चढवली, दोन्ही सुरू झाली, पण एकमेकांना दिसत नाहीत. कारण नव्या मशिनला नेटवर्क आपोआप नॅट मोडमध्ये मिळतं आणि त्या मोडमध्ये प्रत्येक मशिन आपापल्या वेगळ्या राउटरमागे असतं. दोघांचाही नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १०.०.२.१५. गंमत म्हणजे कालीतून त्या पत्त्यावर पिंग केलं की उत्तर लगेच येतं. ते उत्तर कालीचं स्वतःचंच! मग एनमॅप या तपासणीच्या टूलला उघडे पोर्ट सापडत नाहीत आणि मुलं सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

कालीला दोन अ‍ॅडॉप्टर द्या: पहिला नॅट, अपडेटसाठी, दुसरा होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त तुमच्या संगणकापुरतं बंद नेटवर्क. मेटास्प्लॉइटेबलला फक्त होस्ट-ओन्ली. ते मशिन मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे, त्याला बाहेरची वाट देऊ नका. आता दोघांना १९२.१६८.५६ ने सुरू होणारे वेगवेगळे पत्ते मिळायला हवेत. कालीच्या दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला पत्ता नसेल तर ते कनेक्शन नेटवर्क मॅनेजरमधून चालू करा.

मशिन्स दिसत नाहीत म्हणून ब्रिज्ड मोड लावणं ही त्याहून वाईट चूक. मग तुमचं मशिन थेट हॉस्टेलच्या नेटवर्कवर जातं आणि एनमॅप सगळ्यांचे फोन, प्रिंटर, सीसीटीव्ही चाचपायला लागतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं की माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ लागतं; तेच अप्रामाणिक हेतूने केल्याचं ठरलं तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘प्रोजेक्टसाठी करत होतो’ ही सबब आहे, परवानगी नव्हे. कशाची, कधी आणि किती तपासणी करणार ते लिहून सही घ्या.

पावसाळ्यात लाइट जाते, डेस्कटॉप बंद पडतो आणि मशिनची डिस्क बिघडते. स्नॅपशॉट (मशिनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, ती गेली की तोही गेला. चवथीला गावी जाण्याआधी मशिन एक्सपोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

फॉरेन्सिक: साडेपाच तासांचा घोळ

पुराव्याची डिस्क थेट विंडोजला जोडली की विंडोज तिच्यावर लिहितंच. आधी डिस्कवर लिहिणं रोखणारा राइट-ब्लॉकर, मग इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, मग मूळ आणि इमेज दोन्हींचे हॅश, म्हणजे डेटाचे डिजिटल ठसे. जागेचा अंदाजही चुकतो: ५०० जीबीच्या डिस्कवर ४० जीबीच डेटा असला तरी रॉ इमेज ५०० जीबीचीच होते. यूएसबी २.० वरून ती काढायला चार तासांहून जास्त लागतात. प्रॅक्टिकल दोन तासांचं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या.

गुण खरे जातात ते फाइलवरच्या वेळेच्या नोंदीत. डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतींपैकी एनटीएफएस वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, एफएटी३२ स्थानिक वेळेत. लॅपटॉपच्या डिस्कवर ५ तारखेची २०:४० ही नोंद म्हणजे आपल्याकडे ६ तारखेची पहाटेची २:१०. तास तर बदललाच, तारीखही बदलली. त्याच गुन्ह्यातला पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्यावरची २:१० आधीच आपली वेळ असते. ऑटॉप्सी या तपासाच्या टूलमध्ये डेटा सोर्स जोडताना टाइम झोन विचारतात तो यासाठी. काही जण टूलने रूपांतर केलेल्या वेळेत हाताने आणखी साडेपाच तास मिळवतात. अहवालात प्रत्येक वेळेपुढे यूटीसी की भारतीय वेळ ते लिहा.

जुन्या नोट्समधलं ६५बी, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचं कलम, आता उतरवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते भरावं लागतं.

प्रबंध: ९९ टक्क्यांचा मोह

घुसखोरी ओळखणारं मॉडेल हा आवडता विषय. केडीडी ९९ हा नेटवर्कवरच्या हल्ल्यांच्या नोंदींचा डेटा आजही वापरला जातो, पण त्याच्या प्रशिक्षण भागातल्या सुमारे ७८ टक्के नोंदी पुनरावृत्ती आहेत, हे २००९ सालीच दाखवलं गेलं. त्याच नोंदी प्रशिक्षणात आणि चाचणीत आल्या तर ९९ टक्के येणारच.

सीआयसी-आयडीएस २०१७ हा तसाच नवा डेटा घेतला तरी सापळा आहे. तो सोमवार ते शुक्रवार असा नोंदवलेला. सोमवारी फक्त नेहमीची वाहतूक, हल्ले पुढच्या दिवसांत. स्रोताचा आयपी पत्ता आणि वेळेचा रकाना ठेवला तर मॉडेल हल्ला ओळखायला शिकत नाही, हल्लेखोराचा पत्ता पाठ करतं. हे रकाने काढून पुन्हा चालवा. अचूकता एकट्याने सांगू नका, प्रत्येक हल्ल्याचा रिकॉल, म्हणजे खऱ्या हल्ल्यांपैकी किती पकडले, वेगळा द्या. एखाद्या हल्ल्याच्या नोंदी मूठभरच असतील तर तो पूर्ण निसटला तरी एकूण टक्केवारी जागची हलत नाही, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकी तीच ओळ काढून विचारतात.