नवलेखकांना पुढे आणताना या चुका टाळा

सोशल ब्लॉगिंगवरील दुर्लक्षित नवलेखक शोधून त्यांचे लेखन वाचकांपुढे ठेवण्याचे काम मी गेली काही वर्षे हौसेने करतो आहे, आणि या कामात नव्या उत्साहाने उतरणारी मंडळी त्याच त्याच चुका करताना पाहून आता मला कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे यादी. ‘या आठवड्याचे २० नवे लेखक’ असे शीर्षक द्यायचे, खाली ओळीने लिंका चिकटवायच्या आणि वीस जणांचे भले केल्याच्या समाधानात झोपी जायचे. मीही हे केले आहे. एका नवलेखिकेने जुने शिलाई मशीन दुरुस्त करण्याविषयी लिहिले होते. बॉबिन केसमध्ये अडकलेला दोऱ्याचा तुकडा सुईच्या टोकाने सुटतो, तेव्हा चाक हाताखाली एकदम हलके होते, हे तिने दोन वाक्यांत इतके नेमके टिपले होते की मी ती पुन्हा वाचली. आणि तो लेख मी यादीत चौदाव्या क्रमांकावर टाकला! आठवडाभरात त्यावर एकही प्रतिक्रिया आली नाही. तिने मला साधेपणाने विचारले, “तुम्ही तो वाचला होता का?” वाचला होता, पण ते यादीवरून कोणाला कळणार? पुढच्या आठवड्यात मी तिचा एकच लेख घेतला, ती दोन वाक्ये जशीच्या तशी दिली आणि त्यांपाशी मी का थबकलो ते चार ओळींत लिहिले. सहा जणांनी प्रतिक्रिया दिल्या, त्यांतले दोघे मशीन दुरुस्त करणारे निघाले आणि दोऱ्याचा ताण किती ठेवावा यावरून त्यांची चांगलीच जुंपली. तेव्हापासून मी एका वेळी एकच लेखक घेतो. फारच मोह झाला तर दोन.

दुसरी चूक म्हणजे देवाणघेवाणीचे गट. मीडियम या ब्लॉगिंगच्या संकेतस्थळावर एक वाचक एका लेखाला जास्तीत जास्त ५० टाळ्या, म्हणजे पसंतीच्या खुणा, देऊ शकतो, म्हणून ‘मी तुला पन्नास, तू मला पन्नास’ असे सौदे नवख्यांना शिकवले जातात. वास्तविक तिथे केवळ टाळ्यांवर मानधन ठरण्याचे दिवस २०१९ मध्येच संपले आणि वाचनात घालवलेला वेळ हिशेबात आला. वाचकांच्या मतांवर लेखकाला डिजिटल चलनात मानधन देणारे स्टीमिट हे संकेतस्थळ २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्यामागच्या स्टीम या जाळ्यातून २०२० मध्ये हाइव्ह वेगळे झाले. या दोन्ही ठिकाणी मताचे वजन मत देणाऱ्याने गुंतवून ठेवलेल्या टोकनांवर, म्हणजे तिथल्या डिजिटल चलनावर, ठरते, त्यामुळे रिकाम्या खात्यांची पन्नास मते एका मुरलेल्या खातेदाराच्या एका मतापुढे फिकी पडतात. मला या आडवाटांचा राग येतो, कारण आठवड्याभरात नाव व्हावे अशी घाई असलेला नवखा तिथे लिहिणे सोडून हिशेब ठेवायला शिकतो.

उशीर हीदेखील चूकच आहे. स्टीमिट आणि हाइव्हवर लेखाचे मानधन ७ दिवसांत ठरते. आठव्या दिवशी केलेल्या कौतुकाने लेखकाच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून मी नवे लेखन सकाळीच चाळतो आणि आवडलेल्या लेखावर त्याच दिवशी लिहितो.

उचललेल्या मजकुराची शिफारस केली, तर लेखकाआधी तुमचीच अब्रू जाते. दोन वाक्ये शोधयंत्रात टाकून पाहण्याचा आळस करू नका. ‘छान लिहिलंय’ ही प्रतिक्रिया देऊ नका. लेखकाची भाषा सुधारून देऊ नका. शुद्धलेखनाची चूक दाखवायची असेल तर ती खासगीत दाखवा.

शेवटची चूक माझ्याकडून अजूनही होते, ती म्हणजे पहिल्या लेखाचे कौतुक करून पुढच्या नावाकडे वळणे. वास्तविक पहिल्या लेखावर गर्दी झाली आणि दुसऱ्याकडे कोणी फिरकले नाही, की नवलेखक हमखास खचतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे तीन चौकटी असतात, तीन लेखांसाठी. तिसरी चौकट रिकामी राहिलेली नावे तीत बरीच आहेत, आणि त्यांतल्या काहींनी लिहिणे थांबवले आहे.