परदेशी तैनातीवरच्या जवानाला पत्र आणि खाऊ पाठवताना

माझा धाकटा भाऊ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडीबरोबर दक्षिण सुदानमध्ये वर्षभर होता, आणि त्या वर्षात आमच्या घराने जे शिकून घेतले, ते अशाच दुसऱ्या घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

युनिटने दिलेला पत्ता जसाच्या तसा उतरवावा. लष्करी टपालाच्या पत्त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, पिन कोड आणि ‘द्वारा 56 एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्करी टपाल कार्यालय) किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ एवढेच असते; ठिकाणाचे नाव आपल्या मनाने घालू नये. यातील पहिल्याचे टपाल दिल्लीहून आणि दुसऱ्याचे कोलकात्याहून पुढे जाते. पत्रे उशिरा आणि कधी दोन-तीन एकदम पोहोचतात, म्हणून प्रत्येकावर तारीख आणि अनुक्रमांक घालावा.

फोन होत असताना पत्र कशासाठी, असे आम्हालाही वाटत असे. परंतु फोनवर ‘सगळे ठीक आहे’ याच्यापुढे बोलणे सरकत नाही, आणि रेंज गेली की तेही तुटते. भाऊ परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात सगळी पत्रे होती. त्यातले सर्वांत जास्त वाचलेले, घडीवर विरून चिकटपट्टी लावलेले पत्र आईचे होते: विहिरीवरची मोटर जळाली, ती कोणी काढली, तिची तार नव्याने गुंडाळून आणायला किती पैसे पडले आणि उसाला पाणी केव्हा सुटले, एवढाच त्यात मजकूर. म्हणून पत्रात घरातले बारीकसारीक लिहावे, आणि अडचण सांगायची असेल तर ती कशी निभावली हेही त्याच पत्रात सांगावे. अर्धवट बातमी हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला झोपू देत नाही. मुलांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्याच पाहिजेत. तुकडीच्या हालचालींविषयी मात्र पत्रात किंवा समाजमाध्यमांवर काहीही लिहू नये.

1914 च्या नाताळात, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, ब्रिटनच्या राजकन्या मेरी यांच्या निधीतून भारतीय सैनिकांना दिलेल्या भेटीत मसाल्याची डबी आणि खडीसाखर होती. जिभेला घरची चव हवी असते, हे तेव्हाही ओळखले गेले होते. पाठवण्याजोगे पदार्थ म्हणजे शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, शंकरपाळ्या आणि खसखस न घातलेले डिंकाचे लाडू. ओल्या खोबऱ्याचे पदार्थ, पेढे, तेल सुटणारी लोणची आणि ताजी फळे टाळावीत. अनारशांचा मोह होतो, पण खसखशीवर आखाती देशांत बंदी आहे आणि सामान त्या वाटेने जाण्याची शक्यता असते. काडेपेटी, लायटर, अत्तराचा फवारा आणि पॉवर बँक टपालाने पाठवता येत नाहीत. खाद्यपदार्थ दुहेरी पिशवीत बंद करून पत्र्याच्या डब्यात भरावेत, मोकळी जागा वर्तमानपत्राने ठासावी आणि वर कापड शिवून त्यावर न पुसणाऱ्या शाईने पत्ता लिहावा. तुकडीतला कोणी सुट्टीवर आला असेल तर त्याच्याजवळ देणे सर्वांत खात्रीचे. मात्र त्याचेही सामान मोजूनच असते, तेव्हा आधी विचारून, पाव-अर्धा किलोवर थांबावे.

राखी महिनाभर आधी पाठवावी. आम्ही दरवेळी पाच-सहा जादा राख्या घालत असू, कारण तुकडीत कोणाची तरी राखी वेळेवर पोहोचलेली नसतेच, आणि त्या जवानाच्या हातावर भाऊ आमची बांधत असे.